टीव्ही घ्यायला निघण्याआधी गच्चीवर चढा

दसरा जवळ आला की एकच प्रश्न कानावर येतो, "किती इंची घ्यावा?" आमचं उलट विचारणं असतं, "त्यावर बघणार काय?" टीव्ही चित्र तयार करत नाही, बाहेरून आलेलं दाखवतो. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी गच्चीवर जा आणि छत्री कुणाची आहे ते बघा. घरात येणारं चित्र कसं आहे हे एकदा कळलं, की निम्मा निर्णय तिथंच होतो.

मराठवाड्यात अजूनही कितीतरी घरांवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात, भागलं. पण त्यावरच्या बहुतेक वाहिन्या एसडी, म्हणजे एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके. चार लाख चौदा हजारांच्या आसपास. फोरके टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. भागाकार केला तर बरोबर २० येतो. बाहेरून एक ठिपका येतो आणि उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजानं भरतो. महागड्या टीव्हीचा अंदाज बरा असतो, स्वस्तातल्याचा वाईट. मग निवेदिकेचा चेहरा मेणाचा दिसतो आणि पैठणीचे काठ पुसून गेल्यासारखे. लोक म्हणतात टीव्ही खराब निघाला. टीव्ही चांगला असतो, त्याला खायला शिळं मिळतंय.

तेव्हा मुख्य वापर फ्री डिश किंवा केबलच्या साध्या बॉक्सचा असेल तर ३२ इंची घ्या, फार तर ४३. त्यावर जायचं असेल तर आधी बॉक्स एचडी करा आणि तो एचडीएमआय वायरनेच जोडा. एचडी बॉक्स घेऊन तो लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडलेला टीव्ही गावोगाव दिसतो. त्या पिनांमधून एसडीच येतं, एचडीचे पैसे वाया.

फ्री डिशवाल्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. काही टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो, माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस२' असं लिहिलेलं असतं. तो असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते, वेगळा बॉक्स नको, दुसरा रिमोट नको. जुन्या बॉक्सला न दिसणाऱ्या एमपीईजी-४ या नव्या पद्धतीच्या वाहिन्याही त्यावर लागतात. मेनूत जीसॅट-१५ उपग्रह निवडायचा, ९३.५ अंश पूर्व, एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या दांड्यावरच्या डबीला, ९७५०-१०६००. आपल्या भागातून छत्रीचा रोख आग्नेयेला आणि जमिनीपासून साधारण ६० अंश वर असावा लागतो. आग्नेयेला लिंब किंवा शेजाऱ्याची नवी टाकी आडवी आली असेल तर कुठलाही टीव्ही घ्या, चित्र तुटणारच. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या वाहिन्यांना मात्र त्यांचा बॉक्स लागतोच.

नेटवर बघणारांचा हिशेब वेगळा. फुल एचडीला सुमारे ५ एमबीपीएस, फोरकेला १५ एमबीपीएस सलग वेग लागतो. फोरके सिनेमा तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खातो. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून रोजच्या २ जीबीत बघायचं म्हटलं तर सतरा मिनिटांत खेळ खलास. घरात फायबर आली असेल तरच फोरकेसाठी जास्तीचे पैसे मोजा. जुन्या वाड्याच्या दोन-दोन फुटी दगडी भिंतीतून राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वायफाय पलीकडे जात नाही. राउटर टीव्हीच्याच खोलीत आणा किंवा लॅनची वायर ओढा.

आता इंचांकडे येऊ. इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, रुंदी नव्हे. ३२ इंचीचा पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच, ४३ इंची ९५ बाय ५४, ५५ इंची १२२ बाय ६९. जुन्या पेपराची पानं जोडून एवढा आयत भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. घरातल्या सगळ्यांचं मत आपोआप कळतं. फोरके चित्र असेल तर कर्णाच्या सव्वा ते दीड पट अंतरावर बसलं तरी चालतं. ४३ इंचीला साडेचार ते साडेपाच फूट, ५५ इंचीला सहा-सात फूट. एसडीसाठी हेच अंतर तिप्पट धरा. म्हणजे दहा बाय बाराच्या बैठकीत ४३ इंचीवर फ्री डिश बघायचं तर समोरच्या भिंतीला टेकून बसलं तरी अंतर थोडं कमीच पडेल.

पॅनेल म्हणजे प्रत्यक्ष पडदा; त्याबद्दल दुकानात फारसं कुणी धड सांगत नाही, पण फरक मोठा आहे. एलईडी टीव्हीचे पॅनेल मुख्यतः दोन जातींचे, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग खरंच काळा दिसतो, पण बाजूनं बघितलं की रंग उडतात. आयपीएस बाजूनंही सारखं दिसतं, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडी होतो. आपल्याकडे कसं बघतात? आजोबा दिवाणावर, पोरं सतरंजीवर लोळत, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून तिरकी, आणि दार सताड उघडं. अशा घराला आयपीएस बरा. दोघंच समोरच्या सोफ्यावर, रात्री दिवे घालवून सिनेमा बघणारे असाल तर व्हीए. माहितीपत्रकात दोन्हींना '१७८ अंश' लिहिलेलं असतं, त्याचा काही उपयोग नाही. परीक्षा सोपी आहे. चालू टीव्हीसमोरून बाजूला चालत जा, नंतर खाली उकिडवे बसून वर बघा. चेहरे फिके पडले तर तो व्हीए.

क्यूएलईडी म्हणजे तोच एलईडी टीव्ही, मागच्या उजेडापुढे क्वांटम डॉट नावाच्या सूक्ष्म कणांचा थर लावलेला. रंग खुलतात, काळा सुधारत नाही. ओएलईडीत मागून उजेड नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. चित्र अप्रतिम, किंमत तशीच. पण ज्या घरात सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत एकच बातम्यांची वाहिनी चालू असते तिथं ओएलईडी नको. कोपऱ्यातला लोगो आणि खालची लाल पट्टी काही वर्षांत पडद्यावर कायमची उमटते. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर ठळक छापलेला 'एचडीआर', म्हणजे उजेड-अंधाराचा फरक ठसठशीत दाखवणारं चित्र, मनावर घेऊ नका. खऱ्या एचडीआरला सहाशे-सातशे निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) तरी उजेड लागतो, या टीव्हींचा अडीचशे-तीनशेत संपतो.

स्मार्ट टीव्हीत रॅम आणि साठवण बघा. १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवणीचा टीव्ही पहिले सहा महिने पळतो, मग प्रत्येक ॲप अद्ययावत होता होता जड होत जातो आणि रिमोट दाबल्यावर तीन सेकंदांनी जागा होतो. २ जीबी आणि १६ जीबीच्या खाली उतरू नका. 'अँड्रॉइड' एवढंच लिहिलेले बिनओळखीचे टीव्ही टाळा. त्यातल्या अनेकांत फोनचंच अँड्रॉइड घातलेलं असतं, गुगलची टीव्हीसाठीची मान्यता नसते. वाइडवाइन एल१ हे प्रमाणपत्र नसल्यामुळे पैसे भरलेल्या ॲपवरही चित्र ४८० ओळींच्या पुढं जात नाही. रिमोटवर बटण छापलेलं आहे हा काही पुरावा नव्हे. दुकानातच ॲप उघडून एक दृश्य चालवायला लावा. आमचं मत विचाराल तर पैसे चांगल्या पॅनेलवर घाला. स्मार्टपणा म्हातारा झाला की मागं एक स्ट्रीमिंग स्टिक खोचता येते, पॅनेल बदलता येत नाही.

नांदेडचं वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, दुकानातल्या ओळीतले सगळे टीव्ही स्टोअर मोडवर असतात. उजेड शंभर टक्के, रंग भडक, आणि वर कंपनीनंच बनवलेला पोपट-फुलांचा व्हिडिओ. त्यात वाईट दिसणारा टीव्ही अजून जन्मायचाय. सेल्समनला होम मोड लावायला सांगा आणि मराठी बातम्यांची वाहिनी लावा. खालच्या धावत्या पट्टीकडे बघा. अक्षरांच्या वेलांट्या आणि मात्रा स्वच्छ वाचता येतात, की प्रत्येक अक्षराला मागं सावलीची शेपटी लागते? शेपटी लागली तर क्रिकेटचा चेंडूही तसाच दिसणार. '२०० मोशन रेट' वगैरे आकडे कंपन्यांचे आपापले असतात. पॅनेल ६० हर्ट्झचं की १२० चं, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, एवढंच विचारा. पेन ड्राइव्हवर पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच कोरे फोटो घेऊन जा, एकेक पूर्ण पडद्यावर लावा. मेलेला ठिपका, कोपऱ्यातला पिवळट डाग, मधला अंधारा पट्टा, सगळं दिसतं.

आता विजेचं. आपल्या भागात टीव्ही म्हातारे होऊन कमी मरतात, विजेनं जास्त मरतात, म्हणून इथं जरा थांबू.

टीव्हीच्या मागं '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं. म्हणजे कमी दाब त्याला फारसा त्रास देत नाही. शेतातल्या मोटारी चालू झाल्या आणि घरात १७० व्होल्ट आले तरी टीव्ही चालतो, पंखा रडतो तेवढाच. मारतो तो जास्त दाब. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डीपीवरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सैल होणं किंवा जळणं. मग घराला २३० ऐवजी दोन फेजांमधला दाब वाट्याला येतो. एका घरात दिवे मिणमिणतात, शेजारच्या घरात डोळे दिपतात. तो ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. एसीचे ४०० व्होल्ट म्हणजे टोकाला ५६५ च्या आसपास, आणि टीव्हीच्या पॉवर बोर्डवरचा मोठा कपॅसिटर असतो ४०० किंवा ४५० व्होल्टचा. तो फुगतो, फुटतो, जाताना शेजारचा मॉसफेट हा भागही घेऊन जातो. नशीब चांगलं असेल तर आधी जादा दाब अंगावर घेणारा व्हॅरिस्टर शॉर्ट होऊन फ्यूज उडतो आणि काम थोडक्यात भागतं.

यावर दोन उपाय आहेत. टीव्हीपुरता करायचा तर ९० ते २९० व्होल्टचा टीव्ही स्टॅबिलायझर घ्या. त्यात दाब हद्दीबाहेर गेला की पुरवठा तोडणारा 'हाय कट' हवा आणि लाईट आल्यावर काही सेकंद थांबणारा डिले हवा. लाईट येते त्या क्षणीच्या झटक्यात बरंच काही जळतं. सगळ्या घराचा बंदोबस्त करायचा तर मीटरनंतरच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. तो २७० च्या आसपास अख्खं घर तोडतो, मग टीव्हीबरोबर फ्रिजही वाचतो. 'स्पाइक गार्ड' म्हणून मिळणारी पट्टी बहुतेक वेळा साधं एक्स्टेंशनच असते. किती झटका सोसते याचा ज्युलमध्ये आकडा लिहिलेला नसेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आभाळातल्या विजेपुढं मात्र स्टॅबिलायझरचं काही चालत नाही. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात जळालेले टीव्ही उघडले तर अनेकदा पॉवर बोर्ड शाबूत असतो, मेन बोर्ड गेलेला असतो. कारण झटका आलेला असतो छत्रीच्या वायरनं, बॉक्समधून एचडीएमआयच्या पोर्टात. तेव्हा आभाळ भरून आलं की प्लग काढा, छत्रीची वायर काढा, लॅनची वायर काढा. बोर्डावरचं बटण बंद करणं पुरेसं नाही; ते एकच तार तोडतं, तीही दोन-तीन मिलिमीटरच्या फटीनं. आणि हे कडकडाट सुरू होण्याआधी करायचं. वीज डोक्यावर आली असेल तर वायरीला हातच लावू नका, टीव्ही गेला तर गेला.

अर्थिंग हे मराठवाड्यातल्या घरांचं जुनं दुखणं. तीन पिनांचं सॉकेट असतं, वरच्या पिनेला मागं वायरच नसते. टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या पत्र्याला बोट लावलं की मुंग्या येतात ते यामुळं. अशा घरात दोन्ही यंत्रं चालू असताना एचडीएमआय खोचलं-काढलं तर पोर्ट जातं. दोन्हींचे प्लग काढूनच वायर बदला. अर्थिंग असेल तरी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा.

इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा असावा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर टीव्ही गुणगुणतो आणि पॉवर बोर्ड तापतो. इन्व्हर्टरच्या मागचा खटका 'यूपीएस'वर ठेवला तर दाब साधारण १८० ते २६० च्या बाहेर गेला की तो टीव्हीला बॅटरीवर घेतो, म्हणजे निम्मा स्टॅबिलायझर फुकट मिळाला. ४३ इंची टीव्ही सुमारे ८० वॉट घेतो. त्यात दोन पंखे, दोन ट्यूब धरल्या तर १५० एएचची चांगली बॅटरी चार-साडेचार तास काढते. मीटरवर म्हणाल तर रोज पाच तासांच्या हिशेबानं वर्षाला १४६ युनिट.

उष्णतेचं थोडक्यात. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत चालवण्याची कमाल हद्द ४० अंश दिलेली असते. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेरच पारा त्यापुढं जातो, पत्र्याच्या घरात दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. यात आधी मरतो तो बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड. पट्टीवरचे एलईडी माळेसारखे एकापुढं एक जोडलेले असतात, एक गेला की माळ विझते. आवाज येतो, चित्र नाही. अशा वेळी अंधारात पडद्यावर टॉर्च तिरकी मारून बघा. पुसटसं चित्र हललं तर पॅनेल जिवंत आहे, फक्त पट्ट्या बदलायच्यात, नवा टीव्ही घेऊ नका. ही वेळ लांबवायची असेल तर पहिल्याच दिवशी बॅकलाइट ६०-७० वर आणा. मागं आणि वर चार-चार इंच मोकळी जागा ठेवा. पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा, ती संध्याकाळी तव्यासारखी तापलेली असते आणि टीव्ही बघायची वेळही तीच. विणलेलं कव्हर टीव्ही चालू असताना घालू नका. हिवाळ्यात उबेला पाल आत शिरते आणि पॉवर बोर्डवर आडवी झाली की दोघांचाही खेळ संपतो.

पडद्यावर पाणी किंवा काच पुसायचं औषध फवारायचं नाही. ओघळ खालच्या कडेतून आत उतरतो, तिथल्या नाजूक पट्ट्यांना लागतो आणि उभ्या रेघा येतात. पॅनेलची किंमत जवळपास नव्या टीव्हीएवढी, आणि वॉरंटी याला नाही. विजेनं जळाल्यालाही नाही. ओलसर पिळलेलं मायक्रोफायबर फडकं, टीव्ही बंद करून, एवढंच.

भिंतीवर लावायचा की टेबलावर, हे भिंत ठरवते. माळवदाच्या घरात मातीची भिंत असेल तर रावळ प्लग धरत नाही, सरळ टेबलावर ठेवा. साडेचार इंची विटेच्या भिंतीवर ४३ इंची, म्हणजे सात-नऊ किलो, १० मिलिमीटरच्या प्लगनं नीट बसतो. ५५ इंचीला नऊ इंची भिंत बघा. उंची ठरवताना लोक देवाच्या फोटोच्या रांगेत लावतात आणि मग मान दुखते. पडद्याचा मध्य डोळ्यांसमोर हवा, सोफ्यावर बसणारांना जमिनीपासून शंभर-एकशे दहा सेंटिमीटर, सतरंजीवर बसणारांना ऐंशी-नव्वद.

पैसे देण्याआधी कंपनीच्या टोल फ्री नंबरला फोन लावून आपला पिन कोड सांगा आणि माणूस कुठून येणार ते विचारा. "छत्रपती संभाजीनगरहून, आठ दिवसांत" असं उत्तर हिंगोलीच्या पिन कोडला मिळत असेल तर दोन हजार जास्त देऊन जिल्ह्यात सर्व्हिस असलेली कंपनी परवडते. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या छापील किमतीवरची 'खास सूट' दाखवत असतील तर हे डोक्यात ठेवा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो टीव्हीच्या मागच्या स्टिकरशी ताडून बघा.

टेम्पोत खोकं उभंच ठेवायला लावा. आडवं टाकलं की खड्ड्यागणिक पॅनेल मधून लवतं आणि आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. खोकं फोडल्यापासून पहिलं चित्र येईपर्यंत मोबाईलवर एक सलग व्हिडिओ काढा, बंद पडद्यावर टॉर्च मारून तडा नाही ना ते बघा, आणि ते पाच कोरे फोटो पुन्हा लावा. रिकामं खोकं आणि थर्माकोल लगेच भंगारवाल्याला देऊ नका. वॉरंटी असेपर्यंत माळ्यावर राहू द्या. तालुक्यात सर्व्हिस नसेल तर उद्या टीव्ही त्यातूनच जिल्ह्याला न्यावा लागेल.